नाव विकत मिळते. पत मिळत नाही

जुलै २०२५ मध्ये ‘कमोडोर’ हे नाव संगणकाच्या बाजारात पुन्हा एकदा उच्चारले जाऊ लागले. १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या या कंपनीचे नाव आणि व्यापारचिन्हे विकत घेण्याचा करार ख्रिश्चन सिम्प्सन या जुन्या संगणकांच्या चाहत्याने काही सहकाऱ्यांसह केला, आणि ‘कमोडोर ६४ अल्टिमेट’ या यंत्रासाठी २९९ डॉलरपासून पुढे मागणी नोंदवून घेण्यास प्रारंभ झाला. १९८० च्या दशकात शाळकरी वयात असलेल्या युरोप-अमेरिकेतील पिढीने या वार्तेचे मनापासून स्वागत केले. मात्र त्याच कंपनीच्या ज्या दुसऱ्या यंत्राच्या पुनरुज्जीवनाची वाट तीन दशके पाहिली गेली, तो ‘अमिगा’ या व्यवहारात नव्हता. अमिगाचे नाव आणि हक्क फार पूर्वीच वेगळ्या वाटेने गेले होते आणि वाटेत त्यांचे तुकडे झाले होते.

एकाच घरातील दोन भावंडांची अशी ताटातूट का झाली, आणि एकामागून एक मालक लाभूनही अमिगा पुन्हा उभा का राहू शकला नाही, हा प्रश्न काही मोजक्या छंदिष्टांपुरता आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. वस्तुतः ज्याचे ज्याचे काम आज संगणकावर साठवलेले आहे, त्या प्रत्येक शिक्षकाशी, कारकुनाशी आणि विद्यार्थ्याशी त्याचा संबंध पोहोचतो. कंपनी बुडाली म्हणजे तिच्या यंत्रावर लोकांनी उभे केलेले काम कोणाचे, असा तो प्रश्न आहे.

सामान्यांचे यंत्र

कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल यांचा जन्म १९२८ मध्ये पोलंडमधील एका ज्यू कुटुंबात झाला. आउशवित्झच्या छळछावणीतून ते वाचले, अमेरिकेत गेले आणि टंकलेखन यंत्रांच्या दुरुस्तीपासून त्यांनी धंद्यास सुरुवात केली. पुढे ते हिशेबाच्या गणकयंत्रांकडे वळले. तेथे चिप बनविणाऱ्या मोठ्या कंपनीने स्वतःच गणकयंत्रे विकावयास काढल्यावर किमती कोसळल्या आणि कमोडोर पार अडचणीत आली. त्यातून ट्रॅमिएल यांनी घेतलेला धडा साधा होता. कच्चा माल दुसऱ्याच्या हाती असेल तर आपला धंदाही दुसऱ्याच्याच हाती असतो. १९७६ मध्ये त्यांनी ‘एमओएस टेक्नॉलॉजी’ हा चिपचा कारखानाच विकत घेतला. त्यामुळेच १९८२ मध्ये ५९५ डॉलरला बाजारात आलेला ‘कमोडोर ६४’ पुढच्याच वर्षी २०० डॉलरच्या आसपास विकणे कंपनीला परवडले. या एका यंत्राची एकूण विक्री सव्वा कोटी ते एक कोटी सत्तर लाखांच्या दरम्यान झाली असावी, असे अंदाज आहेत. मध्यमवर्गीय घरातील मुलाच्या टेबलावर संगणक प्रथम आला तो अशा स्वस्त यंत्रांच्या रूपाने.

जानेवारी १९८४ मध्ये ट्रॅमिएल कंपनीतून बाहेर पडले. त्याच वर्षी कमोडोरने कॅलिफोर्नियातील अमिगा ही छोटी कंपनी विकत घेतली. जे मायनर या अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली तेथे आकाराला आलेले यंत्र २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये थाटामाटाने सादर झाले. चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी त्या रंगमंचावर अमिगाच्या साह्याने गायिका डेबी हॅरी यांचे चित्र रंगवून दाखविले. अॅपलचा मॅकिन्टॉश त्यावेळी काळ्या-पांढऱ्या पडद्याचा होता. अमिगा ४,०९६ रंग दाखवू शकत होता, चार वाहिन्यांचा ध्वनी देत होता आणि एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवीत होता. चित्र, ध्वनी आणि स्मृतीची ने-आण या कामांसाठी त्यात स्वतंत्र चिपा होत्या. मुख्य प्रक्रियकावरचा भार हलका करण्याची ही योजना हेच त्याच्या स्वस्ताईचे आणि वेगाचे रहस्य होते.

१९८७ मध्ये आलेल्या ‘अमिगा ५००’ मुळे तो ब्रिटन, जर्मनी आणि युरोपातील अन्य देशांत घरोघर पोहोचला. त्यानंतर जे घडले ते कोणत्याही कारखान्यात घडलेले नव्हते. मुलांनी खेळ लिहिले, संगीतकारांनी नवी रचनापद्धती शोधली, छोट्या दूरचित्रवाणी केंद्रांनी पडद्यावरील अक्षरे आणि चित्रे त्यावर तयार केली. ‘बॅबिलॉन ५’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या सुरुवातीच्या काळातील अवकाशदृश्ये अमिगाच्या साह्यानेच निर्माण झाली. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स येथील एकोणीस सार्वजनिक शाळांमधील वातानुकूलन एकच अमिगा सांभाळीत होता. १९८० च्या दशकात बसविलेले ते यंत्र २०१५ मध्येही काम करीत असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. त्याचा प्रोग्रॅम त्या काळी एका शाळकरी विद्यार्थ्याने लिहिलेला होता आणि काही बिघडले तर त्यालाच बोलावले जात असे. तोवर यंत्र बनविणारी कंपनी बुडून एकवीस वर्षे झाली होती.

अर्थशास्त्रात पूरक वस्तूंची कल्पना परिचित आहे. दिव्याला तेल लागते, तसे संगणकाला प्रोग्रॅम लागतात, प्रोग्रॅमना शिकलेली माणसे लागतात आणि माणसांना एकमेकांचा आधार लागतो. यांपैकी यंत्र तेवढे कंपनीने दिले. बाकीचे भांडवल वापरणाऱ्यांनी आपल्या वेळेतून आणि खिशातून उभे केले. कमोडोरच्या ताळेबंदात मात्र त्याला कोठेही जागा नव्हती.

लिलावात काय गेले

यश टिकविण्यासाठी जी सततची गुंतवणूक लागते, तिच्यात कमोडोरचे व्यवस्थापन कमी पडले. नवी चित्रव्यवस्था असलेली अमिगा यंत्रे १९९२ मध्ये आली, तोवर आयबीएमच्या धर्तीवरील यंत्रे खूप पुढे गेली होती आणि स्वस्तही झाली होती. २९ एप्रिल १९९४ रोजी कंपनीने अवसायनाची घोषणा केली. कंपनीची नोंदणी बहामात, कारखाने अन्यत्र आणि धनको जगभर, त्यामुळे विक्रीचा निकाल लागण्यास एक वर्ष गेले. संगणकाच्या धंद्यात एक वर्ष म्हणजे शेतीतला एक हंगाम नव्हे. त्या अवधीत पीकच बदलते.

एप्रिल १९९५ मध्ये एस्कॉम या जर्मन कंपनीने हा सारा पसारा एक ते दीड कोटी डॉलरच्या दरम्यान घेतला. तिने १९९२ चेच यंत्र पुन्हा बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९९६ मध्ये, ती स्वतः दिवाळखोरीत गेली. येथे वारशाची पहिली वाटणी झाली. कमोडोर हे नाव ट्युलिप या डच कंपनीकडे गेले, तर १९९७ मध्ये अमिगा गेटवे २००० या अमेरिकी कंपनीच्या हाती आला. गेटवेसारखा भक्कम मालक मिळाल्यावर चाहत्यांच्या आशा पल्लवित झाल्या. १९९८ मध्ये नव्या यंत्राच्या पायासाठी एका प्रणालीचे नाव जाहीर झाले, १९९९ मध्ये ते बदलून लिनक्सचे नाव पुढे आले आणि त्याच वर्षी सगळाच बेत गुंडाळला गेला. १९९९ च्या अखेरीस गेटवेने अमिगा एका लहान कंपनीला विकला. पेटंटे मात्र स्वतःपाशीच ठेवली. येथे दुसरी वाटणी झाली.

नव्या मालकांनी ‘अमिगा इन्कॉर्पोरेटेड’ हे नाव धारण केले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये कार्यप्रणालीची पुढची आवृत्ती तयार करण्याचे काम करारान्वये हायपेरियन या बेल्जियन कंपनीकडे सोपविले. ती आवृत्ती डिसेंबर २००६ मध्ये पूर्णत्वास गेली आणि २००७ मध्ये दोन्ही पक्ष अमेरिकी न्यायालयात समोरासमोर उभे राहिले. २००९ मध्ये तडजोड झाली. पुढे क्लोआन्टो या कंपनीने जुने हक्क टप्प्याटप्प्याने मिळविले आणि २०१७ च्या अखेरीपासून तिचे व हायपेरियनचे नवे दावे सुरू झाले. ही तिसरी वाटणी म्हणावयाची.

या प्रत्येक खरेदीत मालकाला काय मिळाले, हे नीट पाहिले पाहिजे. नाव मिळाले, नकाशे मिळाले, प्रोग्रॅमचे हक्क मिळाले. माणसे मिळाली नाहीत, कारण जे अभियंते ते यंत्र अंतर्बाह्य जाणत होते ते पोटापाण्यासाठी कधीच पांगले होते. ग्राहकांचा विश्वासही मिळाला नाही. मराठीत ‘पत’ हा फार नेमका शब्द आहे. पत म्हणजे लौकिक, आणि पत म्हणजे उधार मिळविण्याची योग्यताही. अमिगाच्या नावाला पत होती याचा अर्थ असा की, लोक त्या नावावर विसंबून आपले श्रम आगाऊ गुंतविण्यास तयार होते. प्रत्येक नव्या मालकाने ती पत आपली मिळकत आहे असे मानले. खरे तर ते त्याच्या डोक्यावरचे देणे होते. घोषणा झाली, वाट पाहिली गेली, बेत बदलला. प्रत्येक फेरीत देणे थकत गेले आणि नाव मात्र हातोहात विकले जात राहिले.

कमोडोर या नावाची कथाही फारशी वेगळी नव्हती. एका कंपनीने २०११ मध्ये जुन्या ‘कमोडोर ६४’ सारख्या दिसणाऱ्या पेटीत साधा आधुनिक संगणक घालून विकला. तीही अल्पायुषी ठरली. २०१५ मध्ये याच नावाचा एक मोबाइल फोनही येऊन गेला. नाव कोणत्याही वस्तूवर चिकटविता येते, हेच त्यातून सिद्ध झाले.

मालकाविना चाललेला संसार

ही सारी वर्षे अमिगा प्रत्यक्षात जिवंत होता, पण मालकांच्या दप्तरात नव्हे. १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमधील विद्यार्थ्यांनी सुरू केलेले ‘अमिनेट’ हे मुक्त प्रोग्रॅमचे भांडार कंपनी बुडाल्यावरही वाढत राहिले. १९९५ मध्ये, म्हणजे कंपनीचा लिलाव झाला त्याच वर्षी, दोन उपक्रमांनी मूळ धरले. एकाने अन्य संगणकावर अमिगाची हुबेहूब नक्कल चालविणारा प्रोग्रॅम तयार केला. दुसऱ्याने अमिगाच्या कार्यप्रणालीशी सुसंगत अशी स्वतंत्र, मुक्त प्रणाली पहिल्यापासून लिहावयास घेतली. नेदरलँड्समधील एका अभियंत्याने २००५ मध्ये अमिगाच्या सर्व खास चिपांचे काम एकाच, हवी तशी जुळणी करता येणाऱ्या चिपेवर करून दाखविले आणि २००७ मध्ये त्याची रचना सर्वांना खुली केली. कोणी गळक्या कपॅसिटरमुळे कुजलेले फलक दुरुस्त केले, कोणी पिवळ्या पडलेल्या पेट्यांऐवजी नव्या पेट्या ओतून घेतल्या.

२०२२ मध्ये याचे एक बोलके उदाहरण बाजारात आले. ‘ए ५०० मिनी’ या छोट्या यंत्राचे रूप अमिगा ५०० चे होते, खेळ अमिगाचे होते; आवरणावर ना ‘अमिगा’ हे नाव होते, ना ‘कमोडोर’ हे. तरीही ते कशाचे प्रतिरूप आहे, हे घेणाऱ्याला सांगावे लागले नाही. नाव एकाकडे आणि वस्तू दुसऱ्याकडे, अशी स्थिती येऊनही ग्राहकाने वस्तू ओळखली. २०२५ च्या कमोडोर खरेदीकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. ‘कमोडोर ६४ अल्टिमेट’च्या अंतरंगातील फलकाची रचना एका डच अभियंत्याने चाहत्यांसाठी अनेक वर्षे घडविलेल्या फलकावर आधारलेली आहे, आणि मूळ कंपनीत काम केलेल्या काही जाणत्यांना नव्या मालकांनी सल्ल्यासाठी बोलाविले आहे. नावाचा मालक नावापाशी थांबला नाही, ज्यांनी वस्तू जिवंत ठेवली त्यांच्याकडे गेला, हे पूर्वीच्या व्यवहारांहून निराळे आहे. हा प्रयोग किती टिकेल हे काळच सांगेल; पण त्याची सुरुवात तरी योग्य टोकाकडून झाली आहे.

मूठ सैल करणारे मालक

मालकी सोडल्याने काही साधते काय, याचे उत्तर ब्रिटनच्या अनुभवात सापडते. सिंक्लेअर यांचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ १९८६ मध्ये अॅमस्ट्रॅड कंपनीने विकत घेतला. १९९९ मध्ये अॅमस्ट्रॅडने त्याच्या मूळ प्रोग्रॅमची प्रत नक्कल-प्रणालींसोबत वाटण्यास परवानगी दिली. हक्क आपले ठेवले, पण वापरास आडकाठी केली नाही. परिणामी स्पेक्ट्रमवरील खेळ आणि शैक्षणिक प्रोग्रॅम कोणत्याही संगणकावर कायदा न मोडता पाहता येऊ लागले.

दुसरे उदाहरण एकॉर्नचे. तिचा ‘बीबीसी मायक्रो’ भारतालाही परका नाही. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांमधील संगणक साक्षरतेसाठी जो ‘क्लास’ प्रकल्प हाती घेतला, त्यात हेच यंत्र शाळांना देण्यात आले होते. नव्वदच्या दशकाअखेरीस एकॉर्न मोडीत निघाली. तिच्या ‘रिस्क ओएस’ या कार्यप्रणालीचे हक्क दोन-तीन हातांतून फिरले. २०१८ मध्ये ते विकत घेणाऱ्या छोट्या कंपनीने त्या प्रणालीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिखित मजकूर, मुक्त परवान्याखाली खुला केला. आज ‘रास्पबेरी पाय’ या स्वस्त, तळहाताएवढ्या संगणकावर ती प्रणाली चालते आणि कोणीही ती वाचू, शिकवू, सुधारू शकतो. अमिगाचा सोर्स कोड मात्र २०१५ च्या अखेरीस चोरवाटेने बाहेर आला. ज्याने तो पाहिला त्याला उघडपणे वापरता येईना, आणि ज्याला कायदा पाळावयाचा होता त्याने तो पाहण्याचे टाळले. एकाच प्रकारच्या ठेव्याची एकीकडे पाठशाळा झाली, दुसरीकडे चोरीचा माल.

पंच्याण्णव वर्षांची मुदत

या तफावतीचे मूळ कायद्याच्या मुदतीत आहे. अमेरिकी कायद्यानुसार कंपनीच्या नोकरांनी केलेल्या कृतीचा कॉपीराइट प्रकाशनापासून पंच्याण्णव वर्षे टिकतो. १९८५ ची अमिगा प्रणाली त्यामुळे २०८० अखेरपर्यंत कोणाची तरी खासगी मिळकत राहणार. संगणकाचे बाजारातील आयुष्य पाच-दहा वर्षांचे, फार तर पंधरा वर्षांचे. निर्मात्याला त्याच्या बुद्धीचे मोल मिळावे, हा या हक्काचा हेतू रास्त आहे. परंतु निर्माता पांगला, कंपनी संपली, विक्री थांबली, त्यानंतरची सात-आठ दशके हा हक्क कोणाच्या बुद्धीला उत्तेजन देतो, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. त्या काळात त्यातून दावे तेवढे निपजतात.

यावर धनकोंच्या वतीने एक आक्षेप घेतला जाईल. बुडालेल्या कंपनीचे सोर्स कोड व नकाशे खुले केले तर लिलावात त्यांना भाव येणार नाही आणि आधीच पोळलेल्या धनकोंचे आणखी नुकसान होईल. या आक्षेपात तथ्य आहे. पण त्यावर तोड काढता येते. लिलाव जरूर व्हावा. घेणाऱ्याला ठराविक वर्षांची मुदत द्यावी. त्या मुदतीत त्याने ती प्रणाली बाजारात आणली, तिची देखभाल केली, तर हक्क त्याचाच. तसे न केल्यास सोर्स कोड सार्वजनिक ग्रंथालयात वा विद्यापीठात जमा होऊन खुला व्हावा. ज्याला खरोखर धंदा करावयाचा आहे त्याचे यात काही जात नाही; केवळ नाव अडवून बसणाऱ्याला मात्र भाव कमी द्यावासा वाटेल, आणि ते इष्टच आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही लोकांपासून रोखून ठेवलेल्या कृतींसाठी सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे. तिच्यामागील तत्त्व संगणकाच्या प्रोग्रॅमना नेटकेपणाने कसे लावावयाचे, याचा विचार होण्यास हरकत नसावी.

हा विचार दूरदेशीच्या खेळण्यांपुरता नाही. देवनागरीला युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत १९९१ पासून स्थान आहे. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे महाराष्ट्रातील मुद्रणालयांत, प्रकाशनसंस्थांत आणि कचेऱ्यांत मराठी मजकूर अशा फॉण्टांमध्ये जुळविला गेला, ज्यांची अक्षरसंकेतांची मांडणी प्रत्येक निर्मात्यागणिक वेगळी होती. तो विशिष्ट फॉण्ट संगणकावर नसेल तर आजही तोच मजकूर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग म्हणून उमटतो. प्रश्नपत्रिका, स्मरणिका, इतिवृत्ते, ग्रामनोंदी, प्रबंध असे कितीतरी लिखाण या अवस्थेत जुन्या डिस्कांवर पडून आहे. ते ज्यांनी लिहिले त्यांचेच ते आहे, पण ते उघडण्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती राहिली. ज्या निर्मात्यांनी आपली संकेतांची कोष्टके दिली, किंवा ज्यांची कोष्टके उत्साही तरुणांनी चिकाटीने उलगडली, त्यांच्या बाबतीत मजकूर वाचला. इतरांच्या बाबतीत तो पुन्हा टंकित करण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये आणि सरकारी खाती आज लाखो पानांचा मजकूर आणि हिशेब नव्या नव्या कंपन्यांच्या प्रणालींत भरीत आहेत. खरेदीच्या वेळी दर, हमी आणि दुरुस्तीची कलमे काळजीपूर्वक वाचली जातात. त्यांत आणखी एका कलमाची भर पडली पाहिजे. विकणारी कंपनी बंद पडली किंवा हस्तांतरित झाली, तर सोर्स कोड व मजकुराच्या मांडणीचे कोष्टक ग्राहकाला मिळेल, आणि तोवर ते त्रयस्थाकडे अनामत राहील, असे त्या कलमाने ठरवून द्यावे. अमिगाच्या चाहत्यांनी तीस वर्षांत जे काही वाचविले ते निष्ठेच्या आणि फुरसतीच्या बळावर. तालुक्याच्या कचेरीतील कारकुनाकडून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाकडून तशा तपश्चर्येची अपेक्षा करता येणार नाही. त्यांच्यासाठी ही तजवीज खरेदीच्या कागदावरच झाली पाहिजे.